हळदीतलं कर्क्यूमिन दाह कमी करतं का? आधी विचारा, कुठे?

औषधाच्या दुकानात काउंटरवर हल्ली कर्क्यूमिनच्या कॅप्सूलची बाटली हमखास दिसते. गुडघे धरलेले, साखर वाढलेली, किंवा नुसतं 'इम्युनिटी'साठी काहीतरी हवं असलेली माणसं ती घेऊन जातात. मोबाईलवर मात्र दोन उलटसुलट निरोप फिरत असतात. एक म्हणतो, हळद शरीरातला दाह थांबवते हे शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय. दुसरा म्हणतो, हळद अंगाला लागतच नाही, गोळ्यांचा पैसा फुकट. या दोन्ही दाव्यांमागे खरे, छापून आलेले प्रयोग आहेत. मग वाचणाऱ्याने विश्वास ठेवायचा कोणावर?

माझ्या मते दोन्ही निरोप अर्धे आहेत. कर्क्यूमिन रोगप्रतिकारक पेशीला जाऊन भिडलं, तर त्या पेशीचं वागणं बदलतं, यावर आता फारसा वाद राहिलेला नाही. वाद आहे तो अंतराचा. आपण गिळलेलं कर्क्यूमिन त्या पेशीपर्यंत पोचतं का, आणि पोचलंच तर किती? एवढं एक सूत्र हातात धरलं की हळदीवरच्या बहुतेक बातम्या आपल्याआपण उलगडतात.

दाह म्हणजे काय, आणि तो हवाच कशाला?

पायात काटा रुतला की ती जागा लाल होते, सुजते, गरम लागते आणि ठणकते. रोमन लेखक सेल्ससने जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वी हीच चार लक्षणं लिहून ठेवली आणि वैद्यकाचे विद्यार्थी ती आजही याच क्रमाने शिकतात. या सगळ्या प्रकाराला दाह म्हणतात. त्रास होत असला तरी हा शरीराने स्वतःहून केलेला बंदोबस्त असतो.

हा बंदोबस्त करतं कोण, हे शोधायला काटाच उपयोगी पडला. १८८२ साली सिसिली बेटावरच्या मेसिना गावात इल्या मेचनिकोव्ह या रशियन शास्त्रज्ञाने तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटे टोचले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. काट्याभोवती भटक्या पेशींची गर्दी जमली होती. परक्या वस्तूला घेरून गिळणाऱ्या या पेशींच्या कामासाठी त्यांना १९०८ साली पॉल एर्लिक यांच्यासोबत नोबेल मिळालं. आपल्या शरीरातल्या अशा मोठ्या भक्षक पेशींना मॅक्रोफेज म्हणतात. पुढे मी त्यांना भक्षक पेशीच म्हणेन.

भक्षक पेशी नुसती गिळत नाही, ती इतरांना जागंही करते. भुईमुगाच्या रानात माळ्यावर बसलेला राखणदार डोळ्यांसमोर आणा. रानडुकराची चाहूल लागली की तो हाळी देतो, आणि वाडीतली माणसं काठ्या-बॅटऱ्या घेऊन धावतात. त्या धावपळीत थोडं पीक तुडवलं जातं, पण डुक्कर पळतं, हाळी थांबते आणि माणसं घरी परततात. कापलं, भाजलं, सर्दी-पडसं झालं की होणारा दाह असाच असतो. आला आणि ओसरला.

डुक्कर निघून गेलं तरी राखणदार ओरडतच राहिला, तर? रोज रात्री गाव रानात. महिन्याभरात पिकाची जी नासाडी होईल ती राखणाऱ्यांच्याच पायांनी. आमवातात बोटांचे सांधे वाकतात, अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये मोठ्या आतड्याला आतून जखमा होतात, रक्तवाहिनीच्या भिंतीत चरबीचा थर भडकतो. या आजारांत हेच चाललेलं असतं. या न थांबणाऱ्या, जुनाट दाहाला आवर घालणारं काहीतरी वैद्यकाला हवं आहे, आणि हळदीकडे डोळे लागतात ते त्यासाठीच.

पेशीच्या आत हाळी कशी तयार होते?

भक्षक पेशीची हाळी म्हणजे तिने रक्तात आणि आजूबाजूला सोडलेली प्रथिनं. त्यांना सायटोकाइन म्हणतात. टीएनएफ, आयएल-१ आणि आयएल-६ ही त्यांतली नेहमी कानावर येणारी नावं. कोविडच्या काळात रुग्णांच्या रिपोर्टमध्ये आयएल-६ चा आकडा पाहिल्याचं अनेकांना आठवत असेल. तोच हा.

ही प्रथिनं पेशी तयार ठेवत नाही, गरज पडली की बनवते. बनवायची आज्ञा पेशीच्या केंद्रकात जाऊन द्यावी लागते, आणि ती देणाऱ्या प्रथिनाचं नाव एनएफ-कप्पा-बी. १९८६ साली रंजन सेन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी ते शोधलं. एरवी ते पेशीत केंद्रकाबाहेर दुसऱ्या एका प्रथिनाने जखडलेलं असतं. जिवाणूचा तुकडा पेशीला चिकटला की आतल्या विकरांची साखळी चालू होते, जखडणारं प्रथिन मोडून टाकलं जातं, आणि मोकळं झालेलं एनएफ-कप्पा-बी केंद्रकात शिरून सायटोकाइनची जनुकं चालू करतं. हे सगळं काही मिनिटांत उरकतं.

दाहाविरुद्धच्या संशोधनात हे नाव पुन्हा पुन्हा येतं ते यामुळे. कितीतरी निरनिराळ्या हाळ्या या एका टप्प्यावरून जातात. तो अडवता आला, तर एका फटक्यात बरंच काही शांत होईल.

कर्क्यूमिन तिथे नेमकं काय करतं?

कर्क्यूमिन म्हणजे हळदीला पिवळा रंग देणारा पदार्थ. फोगेल आणि पेलेतिये यांनी तो १८१५ साली हळदीतून वेगळा केला, आणि त्याची रासायनिक रचना कळायला १९१० साल उजाडलं. हळकुंडात तो साधारण तीन टक्के असतो. वाण, जमीन आणि काढणीनंतरची प्रक्रिया यांनुसार हे प्रमाण खालीवर होतं.

याची चाचणी करण्याची ठरलेली रीत अशी. प्रयोगशाळेतल्या बशीत भक्षक पेशी वाढवतात. पुष्कळदा त्या उंदराच्या एका गाठीतून मिळालेल्या, वर्षानुवर्षं वाढवत नेलेल्या पेशी असतात. त्यांच्यावर जिवाणूच्या बाहेरच्या आवरणाचा एक तुकडा टाकतात. पेशी भडकतात आणि टीएनएफ, आयएल-६ सोडू लागतात. दुसऱ्या बशीत तेच करतात, फक्त आधी थोडं कर्क्यूमिन घालून ठेवतात. मग दोन्ही बशांतल्या सायटोकाइनची मोजणी होते. कर्क्यूमिनच्या बशीत ती कमी निघतात. एनएफ-कप्पा-बी जखडलेलंच राहतं, केंद्रकात कमी जातं. १९९५ साली हा परिणाम पहिल्यांदा छापून आला आणि नंतर जगभरच्या अनेक प्रयोगशाळांत तो पुन्हा दिसला.

दुसरा मार्ग मला जास्त विचार करायला लावणारा वाटतो. प्रत्येक पेशीकडे स्वतःच्या बचावाची एक यंत्रणा असते. तिची किल्ली एनआरएफ-२ नावाच्या प्रथिनाकडे आहे, आणि तेही एरवी दुसऱ्या प्रथिनाच्या पकडीत असतं. कर्क्यूमिनचा रेणू रासायनिकदृष्ट्या थोडा चावरा आहे. तो या पकडणाऱ्या प्रथिनाला जाऊन चिकटतो आणि पकड सैल होते. मग एनआरएफ-२ केंद्रकात जाऊन ग्लुटाथायोनसारखी पेशीची स्वतःची संरक्षक रसायनं वाढवतं. म्हणजे कर्क्यूमिन पेशीला बाहेरून ढाल पुरवतं असं म्हणण्यापेक्षा, ते पेशीला हलकासा चिमटा काढतं आणि पेशी आपली ढाल आपणच उचलते. भाज्या, चहा, द्राक्षं यांतल्या बऱ्याच वनस्पतिजन्य पदार्थांबद्दल आता असंच मानलं जातं. 'अँटिऑक्सिडंट' या शिक्क्यामागची ही घडामोड जाहिरातीत कधी सांगितली जात नाही.

अँटिऑक्सिडंट आहे म्हणजे चांगलंच, नाही का?

हा समज इतका पक्का आहे की त्याच्यापाशी थोडं थांबायला हवं. पेशी ऑक्सिजन वापरते तेव्हा काही अर्धवट, अतिक्रियाशील रेणू तयार होतात. त्यांना मुक्त मूलकं म्हणतात. ती आसपासच्या चरबीला, प्रथिनांना, डीएनएला इजा करू शकतात. त्यांना निकामी करतो तो अँटिऑक्सिडंट. इथपर्यंत बरोबर आहे.

पण भक्षक पेशी हेच घातक रेणू मुद्दाम तयार करतात. गिळलेल्या जिवाणूवर त्यांचा मारा करूनच त्या त्याला मारतात. जन्मतःच हे रेणू बनवता न येणारी मुलं असतात. त्यांच्या आजाराला क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज म्हणतात, आणि त्या मुलांना गंभीर जंतुसंसर्ग पुन्हा पुन्हा होत राहतो. मुक्त मूलकं पुसून टाकली की आरोग्य आलं, हा हिशेब इथेच कोलमडतो.

मोठ्या प्रमाणावरचा धडा फिनलंडमधून आला. तिथे २९,१३३ पुरुष धूम्रपान करणाऱ्यांवर झालेल्या चाचणीचा निष्कर्ष १९९४ साली प्रसिद्ध झाला. गाजरातलं बीटा-कॅरोटीन हा अँटिऑक्सिडंट फुप्फुसाच्या कर्करोगापासून वाचवेल अशी आशा होती. प्रत्यक्षात गोळी घेणाऱ्यांत तो कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त आढळला. गाजरं खाणारे लोक निरोगी दिसतात म्हणून गाजरातला एक पदार्थ काढून त्याची गोळी केली, तर तीच गोष्ट घडेल याची खात्री नाही. हळद आणि कर्क्यूमिनची कॅप्सूल यांच्याबद्दल बोलतानाही हे लक्षात ठेवायला हवं.

बशीत चालतं, मग माणसात का नाही?

आता अंतराच्या मुद्द्यावर येऊ. हा भाग आकड्यांचा आहे, पण सगळं गुपित इथेच आहे.

बशीतल्या प्रयोगांत पेशींवर साधारणपणे लिटरला ४ ते ७ मिलिग्रॅम या तीव्रतेचं कर्क्यूमिन घातलेलं असतं, कधी त्याहूनही जास्त. आता माणसाकडे पाहा. तैवानमध्ये २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रुग्णांना दिवसाला ८ ग्रॅम, म्हणजे ८,००० मिलिग्रॅम शुद्ध कर्क्यूमिन गिळायला दिलं. दोन-एक तासांनी रक्तातली पातळी सर्वांत वर गेली तेव्हा ती लिटरला एक मिलिग्रॅमच्याही खाली, जेमतेम पाऊण होती. आणि हे ८ ग्रॅम हळदीतून मिळवायचे तर रोज पाव किलोहून अधिक हळद खावी लागेल. इतर अनेक अभ्यासांत, याहून कमी मात्रेत, रक्तात कर्क्यूमिन मोजण्याइतकंसुद्धा सापडलं नाही.

जातं कुठे ते? कर्क्यूमिन पाण्यात जवळपास विरघळत नाही, त्यामुळे बराचसा भाग आतड्यातून तसाच बाहेर पडतो. जे थोडं शोषलं जातं त्याला आतड्याची भिंत आणि यकृत लगेच दुसरे रेणू जोडून टाकतात आणि ते बाहेर टाकण्याजोगं करतात. रक्तात जे फिरतं ते बहुतेक हे बांधलेलं रूप, आणि त्याची दाहावरची ताकद मूळ पदार्थापेक्षा बरीच कमी आढळते. शिवाय कर्क्यूमिन मुळातच टिकाऊ नाही. शरीराच्या तापमानाला, रक्ताइतक्याच सौम्य अल्कधर्मी द्रावणात ठेवलं तर अर्ध्या तासात त्याचा नव्वद टक्के भाग मोडून जातो. रक्तातल्या प्रथिनांच्या सोबतीने ते काही तास तग धरतं, एवढंच.

राखणदार गुडघ्याच्या सांध्यात ओरडतोय, आणि त्याला गप्प करायला निघालेला माणूस वेशीपाशीच अडला आहे. संशोधनाची खरी अडचण एवढीच आहे.

मग मिरी घालून घेतलं तर?

हा प्रश्न बरोबर आहे, आणि त्याचं उत्तर बंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजमधल्या १९९८ सालच्या अभ्यासात आहे. २ ग्रॅम कर्क्यूमिनबरोबर मिऱ्यातलं २० मिलिग्रॅम पिपरीन दिल्यावर माणसांच्या रक्तात पोचणारं कर्क्यूमिन २,००० टक्क्यांनी वाढलं. हा आकडा आज जवळजवळ प्रत्येक बाटलीवर वेगवेगळ्या शब्दांत छापलेला असतो.

आकडा खरा आहे, पण तो कशाच्या पटीत आहे ते पाहायला हवं. मुळात रक्तात जवळपास काहीच नव्हतं, आणि काहीच नसलेल्याची वीसपट फार मोठी होत नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे पिपरीन हे करतं कसं? यकृत आणि आतडं ज्या वाटेने बाहेरची रसायनं निकामी करतात, ती वाटच ते मंद करतं. त्याच वाटेने कितीतरी औषधंही जातात. फिटवरच्या फेनिटॉइनची रक्तातली पातळी पिपरीनमुळे वाढते हे दाखवून झालं आहे. आमटीतल्या चिमूटभर मिरपुडीबद्दल मी हे म्हणत नाही. मिऱ्याचा अर्क असलेली कॅप्सूल रोज घेणाऱ्याने मात्र आपल्या इतर गोळ्यांचा विचार केलाच पाहिजे.

माणसांवरच्या चाचण्या काय सांगतात?

कर्क्यूमिनला जिथे रक्तातून प्रवास करावाच लागत नाही, तिथे त्याची सर्वांत आशादायक चिन्हं दिसतात. आतड्यातच पाहा. गिळलेलं कर्क्यूमिन शोषलं जात नाही ही एरवी अडचण, पण मोठ्या आतड्याच्या आजारात तीच जमेची बाजू ठरते, कारण ते थेट भडकलेल्या जागेवर जाऊन पोचतं.

जपानमध्ये अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या ८९ रुग्णांवर चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २००६ साली आले. नेहमीच्या औषधासोबत दिवसाला २ ग्रॅम कर्क्यूमिन घेणाऱ्यांत सहा महिन्यांत आजार उलटण्याचं प्रमाण ५ टक्क्यांच्या आत राहिलं. बनावट गोळी (दिसायला तशीच, पण औषध नसलेली) घेणाऱ्यांत ते २० टक्क्यांवर गेलं. २०१५ सालच्या आणखी एका चाचणीत ५० रुग्ण होते. मेसालामिन हे या आजारावरचं नेहमीचं औषध घेऊनही आराम न पडलेल्या या रुग्णांपैकी कर्क्यूमिन (दिवसाला ३ ग्रॅम) जोडलेल्या निम्म्याहून अधिक जणांचा आजार महिन्याभरात शांत झाला, तर दुसऱ्या गटात एकाचाही नाही. मात्र दिल्लीच्या एम्समध्ये दिवसाला फक्त ४५० मिलिग्रॅम देऊन पाहिलं तेव्हा फायदा दिसला नाही. मात्रा कमी, परिणाम नाही. हे सूत्राला धरूनच आहे.

या चाचण्या लहान आहेत. नव्वद माणसांच्या चाचणीवर सगळा देश औषध बदलत नाही. आणि त्यांत कर्क्यूमिन नेहमीच्या औषधासोबत दिलं होतं, त्याच्या जागी नव्हे. तरीही हळदीवरचं पुढचं गंभीर काम आतड्यात व्हायला हवं, असं मला या आकड्यांवरून ठामपणे वाटतं.

गुडघेदुखीचं चित्र धूसर आहे. थायलंडमध्ये ३६७ रुग्णांवर चार आठवडे तुलना केली गेली. हळदीचा अर्क दिवसाला दीड ग्रॅम घेणाऱ्यांची वेदना आयबुप्रोफेन घेणाऱ्यांइतकीच कमी झाली. मात्र त्या चाचणीत बनावट गोळीचा गट नव्हता, आणि गुडघेदुखी नुसत्या आशेनेही काही दिवस बरी वाटते. ऑस्ट्रेलियात टास्मानियातल्या ७० रुग्णांवर २०२० साली प्रसिद्ध झालेली चाचणी या बाबतीत जास्त बोलकी आहे. तिथे बनावट गोळीशी तुलना होती आणि एमआरआयने सांध्यातली सूजही मोजली. बारा आठवड्यांनी वेदना थोडी कमी झाली होती, सूज मात्र तशीच होती. दाह कमी होऊन दुखणं थांबलं असं म्हणायला जागा राहिली नाही.

संशोधनावरच शंका का घेतात?

२०१७ साली अमेरिकेतल्या काही औषध-रसायनशास्त्रज्ञांनी कर्क्यूमिनवरच्या हजारो शोधनिबंधांचा आढावा घेतला आणि स्पष्ट लिहिलं की माणसांवरच्या शंभराहून अधिक चाचण्यांनंतरही एकाही काटेकोर, बनावट गोळीशी तुलना केलेल्या चाचणीने या पदार्थाला यश दिलेलं नाही. वरच्या कोलायटिसच्या निकालांमुळे हे विधान मला जरा जास्तच कडक वाटतं. पण त्यांनी दाखवलेला दुसरा दोष मान्य करावाच लागतो.

कर्क्यूमिन रंगीत आहे, प्रकाश टाकला की स्वतः चमकतं, आणि दिसेल त्या प्रथिनाला चिकटतं. प्रयोगशाळेतल्या बऱ्याच चाचण्या रंगावर किंवा चमकण्यावरच चालतात. मग यंत्राने दाखवलेला बदल पेशीतला की कर्क्यूमिनच्या स्वतःच्या रंगाचा, हे सांगणं कठीण होतं. असे चाचणीलाच चकवणारे पदार्थ औषध शोधणाऱ्यांना चांगलेच ठाऊक आहेत. भरीत भर म्हणजे या क्षेत्रातल्या सर्वाधिक उद्धृत संशोधकांपैकी एकाचे अनेक निबंध, त्यांतल्या चित्रांतल्या गोंधळामुळे, नियतकालिकांनी मागे घेतले. मूळ परिणाम इतर अनेकांनीही पाहिलेला असल्याने तो त्यामुळे पुसला जात नाही, पण पुराव्याचा ढीग दिसतो तितका उंच नाही.

पण अमेरिकेने हळदीचं पेटंट रद्द केलं होतं ना?

हो, आणि त्याचा अभिमान रास्तच आहे. १९९५ साली हळदीने जखम भरण्याच्या उपायावर अमेरिकेतल्या एका विद्यापीठाला पेटंट मिळालं. सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेचे तेव्हाचे महासंचालक, गोव्यातल्या माशेलचे डॉ. रघुनाथ माशेलकर यांनी ही लढाई हातात घेतली, जुने ग्रंथ आणि १९५३ सालचा एक भारतीय वैद्यकीय निबंधही पुरावा म्हणून पुढे ठेवला, आणि १९९७ साली पेटंट रद्द झालं.

पण त्या निकालात 'हे ज्ञान नवं नाही' एवढंच ठरलं. हळद किती आणि कोणत्या दुखण्यावर चालते याची परीक्षा पेटंट कार्यालयाने घेतली नव्हती, तिचं ते कामही नव्हे. आणि जरा विचार करा, तो दावा कशाचा होता? जखमेचा. हळद थेट जखमेवर लावायची, म्हणजे पेशीपर्यंतचं अंतर शून्य. आपल्या आज्या-पणज्यांनी हळद वापरली ती बहुतेक अशीच: कापल्यावर दाबून भरलेली, मुका मार लागल्यावर गरम लेप म्हणून, घसा धरल्यावर दुधातून. परंपरेने जिथे हळद लावली आणि आजचं विज्ञान जिथे आशा दाखवतं, त्या जागा बऱ्याच जुळतात. 'परंपरेत होतं' या आधारावर विकल्या जाणाऱ्या दिवसाला दोन ग्रॅमच्या अर्काच्या गोळ्या मात्र त्या परंपरेत कुठेच नव्हत्या.

नैसर्गिक आहे, अपाय काय होणार?

हा सर्वांत धोक्याचा गैरसमज. अमेरिकेत औषधांमुळे यकृताला होणाऱ्या इजेची नोंद ठेवणाऱ्या संशोधकांच्या जाळ्याने २०२२ साली हळदीच्या गोळ्यांशी जोडलेले दहा रुग्ण नोंदवले. पाच जणांना रुग्णालयात दाखल करावं लागलं, एकाचा यकृत निकामी होऊन मृत्यू झाला. दहापैकी सात जणांत एक विशिष्ट जनुकीय प्रकार सापडला, म्हणजे ही इजा काही ठरावीक लोकांनाच जास्त होते. इटलीतही २०१९ साली अशाच काविळीच्या रुग्णांचा पुंजका दिसला. कोट्यवधी लोक या गोळ्या घेतात, त्या मानाने हा धोका विरळा आहे. पण शोषण वाढवण्यासाठी जेवढी धडपड करावी, तेवढं यकृतावरचं ओझंही वाढू शकतं, ही गोष्ट गोळी बनवणारा सांगत नाही.

आणखी काही जणांनी जपायला हवं. पित्ताशयात खडे असतील तर कर्क्यूमिनने पित्ताशय आकुंचन पावून कळ येऊ शकते. हळदीत ऑक्झलेट भरपूर असतं, त्यामुळे मूतखड्याची प्रवृत्ती असलेल्यांनी मोठ्या मात्रा टाळाव्यात. वॉरफरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय या वाटेला जाऊ नये.

आणि भेसळ. हळद पिवळीधमक दिसावी म्हणून लेड क्रोमेट चोळलं जातं, ते शिशाचं विष आहे आणि लहान मुलांच्या मेंदूवर घाव घालतं. बांगलादेशाने यावर जोरदार मोहीम काढली. २०१९ साली बाजारातल्या ४७ टक्के नमुन्यांत शिसं सापडत होतं, २०२१ साली एकाही नाही. सरकारने मनावर घेतलं तर दोन वर्षांत हे होतं. आपल्याकडे सांगलीसारखी हळदपेठ आहे, वायगाव आणि वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे. हळकुंडं ओळखीच्या ठिकाणाहून घेऊन दळून आणण्याची रीत टिकवण्यासारखी आहे.

दाह पार बंदच करून टाकला तर?

समजा उद्या कोणी पूर्ण शोषलं जाणारं कर्क्यूमिन तयार केलं. मग सगळं छान होईल? याचं उत्तर दुसऱ्या औषधांकडून मिळतं. टीएनएफला थेट अडवणारी इंजेक्शनं १९९८ पासून वापरात आहेत, आणि आमवाताच्या असंख्य रुग्णांचे हात त्यांनी वाचवले आहेत. पण २००१ सालीच लक्षात आलं की ती घेणाऱ्यांत दबून असलेला क्षयरोग उसळतो, कारण क्षयाच्या जंतूंना कोंडून ठेवण्याचं काम भक्षक पेशी टीएनएफच्याच जोरावर करतात. जगात क्षयाचे सर्वाधिक रुग्ण आपल्या देशात आहेत, म्हणून इथे ही इंजेक्शनं सुरू करण्याआधी क्षयाची तपासणी होते.

२०१७ साली १०,०६१ हृदयरुग्णांवरच्या एका चाचणीतही हेच दिसलं. आयएल-१ ला अडवणाऱ्या औषधाने झटका, पक्षाघात आणि हृदयविकाराने येणारा मृत्यू यांचं एकत्रित प्रमाण १५ टक्क्यांनी घटलं. म्हणजे जुनाट दाह हृदयाला मारतो हे पक्कं झालं. पण त्याच वेळी जंतुसंसर्गाने होणारे मृत्यू वाढले. राखणदाराचं तोंड कायमचं बांधलं की खरं डुक्कर येतं तेव्हा कोणी उठत नाही. म्हणून 'दाह मुळापासून संपवतो' असं लिहिलेली बाटली पाहिली की मला काळजी वाटते.

मग रात्रीचं हळदीचं दूध?

२०२० साली आयुष मंत्रालयाने १५० मिली गरम दुधात अर्धा चमचा हळद घालून प्यायला सुचवलं होतं. अर्धा चमचा म्हणजे दीड ग्रॅम धरा. तीन टक्क्यांच्या हिशेबाने त्यात ४५ मिलिग्रॅम कर्क्यूमिन येतं. कोलायटिसच्या ज्या चाचण्यांत फायदा दिसला, त्यांतल्या मात्रेचा हा साधारण पंचेचाळिसावा ते पासष्टावा भाग झाला. खवखवणाऱ्या घशाला गरम दूध शेकतं, हळद तिथून सरकत जाते, बरं वाटतं. प्यायला काहीच हरकत नाही. आमटी-भाजीतल्या हळदीलाही. त्या मात्रेत कोणाच्या यकृताला इजा झाल्याचं दिसत नाही. फक्त त्या कपाकडून सांध्यातला दाह शांत होण्याची अपेक्षा ठेवू नये.

कॅप्सूल घ्यायचीच असेल, तर बाटलीवर दोन गोष्टी वाचा: कर्क्यूमिन किती मिलिग्रॅम आहे आणि पिपरीन आहे का. ती बाटली डॉक्टरांकडे जाताना सोबत न्या, कारण 'औषध काही चालू आहे का' या प्रश्नाला आपण हळदीची गोळी मोजत नाही. घेताना भूक मेली, लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले, तर गोळी त्याच दिवशी बंद करून यकृताची तपासणी करून घ्या. आणि आमवातासाठी मेथोट्रेक्सेट किंवा कोलायटिससाठी मेसालामिन चालू असेल, तर ते कर्क्यूमिनच्या भरवशावर सोडू नका. कोलायटिसच्या ज्या चाचण्यांत कर्क्यूमिनचा फायदा दिसला, त्यांतल्या रुग्णांनीसुद्धा आपलं मूळ औषध सोडलेलं नव्हतं.